लढाईहून परत आलेला माणूस



सातारा, रत्नागिरी, पुणे या भागांतल्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत एक लहानशी दगडी पाटी बसवलेली आढळते. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने बसवलेल्या या पाट्या. पाटीवर मजकूर थोडाच. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धासाठी या गावातून इतके लोक गेले. त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. बस्स, दोनच आकडे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाने त्या एका युद्धात शेचाळीस माणसे गमावली. त्या गावाला आजही लोक 'अपशिंगे मिलिटरी' असेच म्हणतात.

शिक्षक बंधूंनो, तुम्ही मुलांना वजाबाकी शिकवता. या पाटीवरची वजाबाकी एकदा करून पाहा. गेले किती, त्यातून मेले किती वजा केले, म्हणजे परत आले किती ते कळते. हा तिसरा आकडा पाटीवर कुठेच नसतो. मेलेल्याची नोंद झाली आणि ती योग्यच झाली. पण जो जिवंत परत आला, त्याचे पुढे काय झाले? तो काय बघून आला होता? गावाने त्याला काय विचारले? आजचे भाषण त्या न लिहिलेल्या आकड्याबद्दल आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे साताऱ्याकडचे, कोकणाकडचे. आपल्या मराठवाड्याचा, आपल्या पाचोड-पैठणच्या मुलखाचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आपला भाग तेव्हा निजामाच्या संस्थानात होता, आणि भरतीचा जोर पश्चिमेकडे जास्त होता, हे खरे. पण औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, ही सगळी पलटणींची ठाणी होती. हैदराबाद कंटिंजंट नावाचे सैन्य तिथे राहत असे. १९०३ साली ते हिंदुस्थानच्या मुख्य सैन्यात मिसळले, आणि त्याच्या घोडदळातून जी रिसाले उभी राहिली त्यांतले एक म्हणजे विसावे डेक्कन हॉर्स. दख्खनी मुसलमान, शीख आणि जाट स्वार असलेले हे रिसाले १९१४ साली फ्रान्सला गेले. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत, जिथे मशीनगनपुढे माणूस डोके वर काढू शकत नव्हता, तिथे या स्वारांनी भाले घेऊन घोडे घातले. म्हणजे दख्खनच्या ठाण्यांतून उभ्या राहिलेल्या रिसाल्याच्या टापा फ्रान्सच्या गव्हाच्या शेतात उमटल्या होत्या. तेव्हा ही गोष्ट आपलीही आहे.

आधी खंदक म्हणजे काय ते समजून घेऊ. शेतकरी माणसाला ते सांगायला फार वेळ लागणार नाही. बांधाच्या कडेने पाणी काढायला आपण चर खणतो. तोच चर पुरुषभर खोल करा, वळणावळणाने कोसच्या कोस न्या, कडेला मातीने भरलेली पोती रचा, पुढे काटेरी तारांचे कुंपण घाला. समोर शे-दोनशे पावलांवर दुसऱ्याचा असाच चर. मधल्या जमिनीत ना पीक, ना झाड. त्या चरात माणसाने राहायचे, जेवायचे, झोपायचे, आणि हुकूम झाला की वर चढून समोरच्या बंदुकीच्या तोंडावर धावायचे. नांगर धरणाऱ्या माणसाला मातीची भीती नसते. पण ही माती निराळी होती. पावसाळ्यात तिचा गुडघाभर चिखल व्हायचा, पाय दिवसच्या दिवस ओले राहून सुजायचे, काळे पडायचे, आणि अखेर कापावे लागायचे. अंगात उवा, अंगावरून उंदीर, आणि डोक्यावरून तोफगोळे.

हिंदी सैन्याची पहिली तुकडी २६ सप्टेंबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये मार्सेल्सच्या बंदरात उतरली. अंगावर उन्हाळी कपडे, आणि समोर युरोपचा हिवाळा. महिन्याभरात, २८ ऑक्टोबरला, न्यूव्ह शापेल नावाच्या गावात खडकीच्या मुंबई सॅपर्सच्या दोन कंपन्यांना शिखांबरोबर हल्ल्याला पाठवले. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग लावणारा, खणणारा कसबी शिपाई. त्या दिवशी घराघरातून संगिनीची लढाई झाली. सॅपर्सचे सगळे गोरे अधिकारी पडले किंवा जखमी झाले, आणि तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसे कामी आली किंवा जायबंदी झाली.

पण आपला माणूस अडाणी असला तरी अडून बसणारा नव्हे. हातबाँब पुरेसे नव्हते, तेव्हा हिंदी सॅपर्सनी मुरंब्याचे रिकामे डबे गोळा केले, त्यांत स्फोटक दारू आणि लोखंडाचे तुकडे भरले, वर वात लावली आणि बाँब तयार केले. आपल्याकडे डालडाच्या डब्यात तुळस लावतात ना, तशी ही डब्याची दुसरी कहाणी!

घरी पत्रे जात. बहुतेक शिपायांना लिहिता येत नसे. एक सांगे, दुसरा लिही. मग ते पत्र सेन्सॉर वाची. गावी पोचल्यावर मास्तर किंवा कुलकर्णी मोठ्याने वाचून दाखवी. चार जणांच्या तोंडून आणि डोळ्यांतून गेलेल्या त्या पत्रात बायकोला कोणी मनातले काय सांगणार? तरीही माणसे युक्ती काढत. सेन्सॉरला कळू नये म्हणून हिंदी शिपायांना 'काळी मिरी' आणि गोऱ्यांना 'लाल मिरची' म्हणत. काळी मिरी संपत आली आहे, म्हणजे आपली माणसे फार मरताहेत, आता आणखी पाठवू नका. स्वयंपाकघरातल्या डब्यांत मरणाचा हिशेब लपवलेला. सेन्सॉरच्या कचेरीत या पत्रांच्या भाषांतरांचे उतारे ठेवले गेले, म्हणून आज ते आपल्याला वाचता तरी येतात.

मराठा पलटणींची सर्वांत कठीण परीक्षा मात्र फ्रान्समध्ये झाली नाही; ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये झाली. त्या युद्धात परदेशी गेलेल्या हिंदी लोकांपैकी सर्वांत जास्त तिकडेच गेले. तैग्रिस नदीच्या वळणात कूत नावाचे गाव आहे. तिथे जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालचे सैन्य तुर्कांनी ७ डिसेंबर १९१५ रोजी कोंडले. त्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वेढा चालला एकशे सत्तेचाळीस दिवस.

तीन बाजूंनी नदी आणि चौथ्या बाजूला खंदक, असे ते ठाणे. जानेवारीत तैग्रिसला पूर आला आणि पुढचे खंदक पाण्याने भरून गेले. शत्रूचेही भरले. दोन्हीकडचे लोक उघड्यावर आले, मागे सरले, पुन्हा खणू लागले. गोदाकाठच्या माणसाला पूर म्हणजे काय ते सांगायला नको; पण आपल्याला निदान उंचवट्याकडे पळता येते. मग धान्य संपत आले. घोडे आणि खेचरे कापायची वेळ आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला. हिंदुस्थानातून धर्माच्या वडीलधाऱ्यांनी तारा केल्या, की आपत्काळ आहे, दोष नाही. तरी कित्येकांचा हात ताटाकडे वळेना. पिठाचा शिधा उतरत उतरत पावशेराच्याही आत आला. हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, जखमा भरेनात.

यातली एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कूतमध्ये धान्याचा साठा सापडला, पण दळायचे कशावर? तेव्हा विमानातून जात्याचे दगड खाली टाकले. आभाळातून जाते पडले! पुढे एप्रिलमध्ये विमानातून पिठाची पोतीही टाकली. वेढ्यातल्या सैन्याला विमानाने अन्न पुरवण्याचा जगातला तो पहिल्या प्रयत्नांपैकी एक. पण दहा-बारा हजार तोंडांना ते कुठे पुरणार? सोडवायला निघालेले सैन्य शेख साद, हन्ना, सन्नयात इथल्या तुर्की खंदकांपुढे पुन्हा पुन्हा आपटले आणि तिथे वीस हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत शरण गेले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांना उन्हात वाळवंटातून चालवत नेले आणि रेल्वेच्या कामाला जुंपले. कित्येक वाटेतच पडले. जे वाचले ते अडीच वर्षांनी सुटले. ११७ व्या पलटणीला १९२१ साली 'रॉयल' हा किताब मिळाला.

किताब पलटणीला मिळाला. माणूस गावी गेला.

तो कोणत्या गावी परतला, तेही पाहा. १९१८ च्या उन्हाळ्यात मुंबई बंदरावर इन्फ्लुएंझाची साथ उतरली. पावसाळ्यानंतर तिने भयंकर रूप घेतले आणि देशात कोटीच्या वर माणसे नेली. त्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस दगा देऊन गेला. निजाम संस्थानात १९११ साली जेवढी माणसे मोजली होती, त्यापेक्षा १९२१ च्या शिरगणतीत कमी भरली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी प्रजा घटली. कल्पना करा, ज्याला तोफेच्या तोंडी मरण आले नाही, तो शिपाई गळ्यात पदक घालून वेशीत उभा आहे आणि घराला कडी आहे. आई गेलेली, मूल गेलेले, बैल विकलेले. लढाई तिकडे आणि मरण इकडे, असा उलटा न्याय! अशा घरात जाऊन 'मी तिकडे काय पाहिले' हे तो कोणाला सांगणार? आणि ज्याच्या घरात चार चुली विझल्या आहेत तो तरी त्याचे काय ऐकणार? मला वाटते, त्या पिढीच्या मौनाचे हे एक मोठे कारण असावे.

दुसरे कारण आणखी कडू आहे, पण ते सांगितलेच पाहिजे.

महार समाज पिढ्यानपिढ्या सैन्यात होता. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने त्यांची भरती बंद केली. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा पुन्हा त्यांची आठवण झाली, आणि १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. काम झाले, १९२१ साली ती मोडून टाकली. शिपाई घरी आला. पलटणीत त्याला गणवेश होता, क्रमांक होता, शिस्त होती, सलामी होती. गावात आल्यावर त्याला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. सरकारसाठी जीव द्यायला माणूस चालतो आणि गावच्या पाण्याला चालत नाही, हा हिशेब त्याला कसा पटावा?

तो पटला नाही, हेच बरे झाले. दापोलीचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांचे चिरंजीव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी घ्यायला जी माणसे गेली, त्यांत लष्कराचे पेन्शनर होते. पलटणीत जे शिकले ते त्यांनी गावात वापरले. रांगेत उभे राहायचे, जागा सोडायची नाही, आणि सांगितल्याशिवाय हात उचलायचा नाही. पुढे ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजतागायत आहे. शिक्षक बंधूंनो, परत आलेल्या शिपायाने समाजाला काय दिले असे कोणी विचारले, तर हे उदाहरण जरूर सांगा. पण त्याच्याबरोबर हेही सांगा, की ते देण्यासाठी त्याला आपल्याच गावाशी दुसरी लढाई करावी लागली.

आता शरीराच्या जखमांचे बघू. हात गेलेला, पाय गेलेला शेतकऱ्याचा मुलगा शेतात काय करणार? १९१७ साली जायबंदी हिंदी सैनिकांसाठी क्वीन मेरी यांच्या नावाने एक धंदेशिक्षणाची शाळा निघाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला चांगली रुजली आणि आजही क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट म्हणून चालू आहे. एका पायाच्या माणसाने शिवणाचे यंत्र कसे चालवावे, एका हाताने कोणता धंदा करता येईल, हे तिथे शिकवले गेले. भीक नको, कसब द्या, हा विचार त्यामागे होता. ज्यांच्या कण्याला इजा झाली त्यांच्यासाठी खडकीतच १९७४ साली आणखी एक पुनर्वसन केंद्र निघाले.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे नाव आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे. १९६५ च्या युद्धात सियालकोटच्या आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या, त्यांतली एक पाठीच्या कण्यात बसली, आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. सैन्यात असताना हा माणूस मुष्टियोद्धा होता. इलाज म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग इथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले भारतीय. पद्मश्री त्यांना मिळाली ती २०१८ साली. मधल्या वर्षांचा हिशेब करा, शेहेचाळीस भरतात. पदक मिळवायला त्यांना सात वर्षे लागली, आणि आपल्याला त्यांची नीट ओळख व्हायला शेहेचाळीस!

असेच आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले, अहमदनगर म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमज गावचे, शिपाई नामदेव जाधव. दुसऱ्या महायुद्धात इटलीमध्ये सेनिओ नदीच्या उंच बांधांमध्ये जर्मनांनी खंदक खोदले होते. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फंट्रीने ती नदी ओलांडली. नामदेव जाधव हे निरोप्या, म्हणजे कंपनीचे निरोप पोचवणारे शिपाई. बरोबरची माणसे पडली. तेव्हा त्यांनी आधी एका जखमी साथीदाराला पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे पोचवले. परत येऊन दुसऱ्या जखमी साथीदाराला नेले. मग तीन मशीनगनची ठाणी बंद पाडली; हाताला जखम होऊन बंदूक धरता येईना, तेव्हा हातबाँब वापरले, आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्यांना बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. लक्षात घ्या, आधी त्यांनी माणसे वाचवली आणि मग शत्रूकडे वळले. खंदकातल्या माणसाला विचारलेत, तर शौर्याची गोष्ट तो बहुधा अशीच सांगेल. कोणाला मारले हे तो सांगणार नाही; कोणाला आणता आले आणि कोणाला आणता आले नाही, हे सांगेल.

आता मनाच्या जखमा. या दिसत नाहीत, म्हणून पाटीवरही नाहीत आणि पेन्शनच्या कागदावरही फारशा नाहीत. दिवाळीत ॲटमबाँब वाजला की एखादा म्हातारा दचकून उठतो. रात्री झोपेत ओरडतो. चिखल दिसला की पाऊल मागे घेतो. ताटात भाकरीचा तुकडा टाकलेला त्याला सहन होत नाही, नातवंडांवर खेकसतो. घरचे म्हणतात, मिलिटरीवाल्याचा स्वभाव कडक. कोणी म्हणतो, बाहेरची बाधा आहे, उतारा टाका. काही जण दारूत बुडतात, आणि मग गाव म्हणते, पेन्शन फुकट चालली. ज्याचे जळते त्यालाच कळते, असे आपण म्हणतो खरे. पण शेजाऱ्याला धूर तरी दिसायला हवा ना?

डॉक्टर आता सांगतात, की अतिशय भयंकर प्रसंगातून गेलेल्या माणसाच्या मनावर असा परिणाम होणे हा आजार आहे. त्यात भित्रेपणा नाही, स्वभावाचा दोष नाही आणि बाधा तर मुळीच नाही. त्यावर उपचार आहेत. गावात असा कोणी असेल तर त्याच्या घरच्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारायला सांगा. सरकारची 'टेली मानस' नावाची दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६. तिथे मराठीतून बोलता येते. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे माजी सैनिकांची, वीरपत्नींची आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाची कामे होतात. कागद अडला म्हणून माणूस अडू देऊ नका.

हे सगळे जुने झाले, असे समजू नका. पाचोड हे महामार्गावरचे, मोसंबीच्या बाजाराचे गाव. त्या रस्त्याला आणि आसपासच्या माळांवर भल्या पहाटे भरतीसाठी धावणारी पोरे दिसतात. पावसाचा भरवसा नाही, शेताचे तुकडे झालेले, तेव्हा सैन्य म्हणजे देशसेवाही आणि घराला आधारही. यात वावगे काही नाही. पूर्वी जवान पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येई. २०२२ साली अग्निपथ योजना सुरू झाली. तिच्यात मुलगा चार वर्षांसाठी जातो, आणि त्यांतल्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्श्याला कायम करायचे, असे योजना सुरू करताना ठरले. म्हणजे पुष्कळ मुले पंचविशीच्या आतच परत येणार. हातात काही रक्कम असेल, अंगात शिस्त असेल, पुढे चाळीस वर्षांचे कामाचे आयुष्य असेल. जाताना आपण त्यांची मिरवणूक काढतो, हलगी वाजवतो, फेटा बांधतो. येताना काय करणार आहोत, याचा विचार गावाने आताच करायला हवा. त्याला कोणते काम देता येईल? त्याचे कसब ग्रामपंचायतीला, शाळेला, सोसायटीला कसे वापरता येईल? नुसता सव्वीस जानेवारीला नारळ आणि शाल देऊन हे भागणार नाही.

शेवटी एक गोष्ट, आणि ती खास शिक्षकांसाठी. पहिल्या महायुद्धात पकडलेले काही हिंदी शिपाई जर्मनीत बर्लिनजवळच्या छावणीत होते. तिथल्या पंडितांना निरनिराळ्या भाषांचा अभ्यास करायचा होता. त्यांनी या शिपायांना यंत्रापुढे उभे करून त्यांच्या भाषेत बोलायला लावले, गायला लावले आणि तबकड्या भरून घेतल्या. त्या आजही बर्लिनच्या विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत. शंभर वर्षांमागचा आपल्या देशातला खेडूत शिपाई त्यात बोलतो आहे. पाहा बरे, शत्रूने त्याचा आवाज जपला. तोही त्याच्या मनासाठी नव्हे, व्याकरणासाठी. आणि जे शिपाई सुखरूप आपल्या गावी आले, पारावर बसले, वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षे आपल्यात राहिले, त्यांचा आवाज आपण किती जपला? शिकलेल्यांनी लिहून ठेवले. कॅप्टन गो. गं. लिमये यांच्यासारख्या डॉक्टरांनी 'सैन्यातील आठवणी' लिहिल्या. पण ज्याला अंगठाच उठवता येत होता, त्याच्या आठवणी त्याच्याबरोबर गेल्या.

पहिल्या महायुद्धातले आता कोणी उरले नाही. दुसऱ्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण १९६५ चे, १९७१ चे शिपाई म्हातारे होऊन गावोगाव बसले आहेत. कारगिलचे १९९९ चे जवान तर अजून कर्ते आहेत. आणि आज तुमच्या वर्गातल्या मुलाच्या खिशात नसला तरी घरात आवाज टिपणारा फोन आहे. मुलांना पाठवा. पण धडा शिकवून पाठवा. 'किती शत्रू मारले?' हा प्रश्न पहिला विचारायचा नाही. विचारायचे ते असे: खंदकात जेवण कसे यायचे? थंडीत पाय कसे शेकायचे? घरचे पत्र किती दिवसांनी मिळायचे? शेजारी कोण असायचा, आणि तो आता कुठे आहे? गावी आल्यावर पहिल्या दिवशी काय केले? कोणते काम जमले, कोणते जमले नाही? आणि म्हातारबा मध्येच गप्प झाले, तर गप्प बसू द्यायचे, घाई करायची नाही. घरातल्या आजीलाही विचारायचे, कारण तो नसताना शेत, कर्ज, सासू-सासरे आणि पोरे यांची आघाडी तिनेच सांभाळली होती.

एवढे लिहून झाले, की शाळेत एक वही ठेवा. गावातून कोण कोण गेले, कोण राहिले, आणि कोण परत आले. परत आलेल्याच्या नावापुढे मोकळी जागा भरपूर सोडा. ती भरायला वेळ लागेल, पण ती रिकामी राहू देऊ नका.

नमस्कार.